मुंबईत आणखी एक जुन्या गाण्यांचं स्टेशन चालेल?

मुंबईतला रसिक म्हणतो, एवढी स्टेशनं आहेत पण लावून ठेवावं असं एकही नाही. कुणीतरी चोवीस तास जुनी गाणी लावा आणि मग बघा. रेडिओच्या धंद्यातला माणूस म्हणतो, लावून झालं, साहेब. आणि त्याचंही खोटं नाही. बिग एफएमने काही वर्षं जुन्या गाण्यांवरच मुक्काम ठोकला होता, अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ घराघरात ऐकला गेला, आणि २०१९ मध्ये त्या स्टेशनने नवी धून धरली. २०१६ मध्ये ९१.९ वर रेडिओ नशा आलं. रेड एफएमवाल्यांनी १०६.४ वर ‘रेडट्रो’ काढलं, ज्याचं पुढे ‘मॅजिक’ झालं. शिवाय आकाशवाणीचं एफएम गोल्ड आणि विविध भारती आहेतच. तरी ‘एक हवंच’ ही मागणी काही थांबत नाही. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात ऐकीव गोष्टी बऱ्याच मिसळल्या आहेत. त्या जरा निवडून पाहू.

गैरसमज : जुनी गाणी सगळ्यांनाच आवडतात, मग स्टेशन चालायलाच हवं.

आवडतात, यात वाद नाही. पण श्रोता रेडिओला छदामही देत नाही. पैसे देतो जाहिरातदार, आणि तो दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने देतो. गाणं मदनमोहनचं की आणखी कुणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ऐकणारा कोण, वय काय, या महिन्यात त्याच्या खिशातून काय बाहेर पडणार, एवढंच तो विचारतो. साठी ओलांडलेला माणूस सकाळपासून रेडिओ लावून बसतो, स्टेशन बदलत नाही, जाहिरातींनाही कंटाळत नाही. आणि एजन्सीच्या तक्त्यात त्याची किंमत जवळजवळ शून्य असते. त्याचा साबण ठरलेला, बँक ठरलेली, चहाची पत्ती ठरलेली, असं एकदा धरून चाललं की त्याला काही विकायचा प्रश्नच उरत नाही. मला हे गृहीतक शिळं वाटतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून युरोपच्या सहलीपर्यंत आज मुंबईत सढळ हाताने खर्च करणारा वर्ग हाच आहे. पण माझ्या वाटण्यावर कुणी स्पॉट विकत घेत नाही.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला न्यूयॉर्कचा आहे. तिथलं डब्ल्यूसीबीएस-एफएम हे स्टेशन १९७२ पासून जुनी गाणी लावत होतं आणि लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ३ जून २००५ रोजी मालकांनी ते एका दिवसात बंद केलं आणि त्या जागी ‘जॅक’ नावाचं निवेदकाविना चालणारं, सरमिसळ गाण्यांचं स्टेशन सुरू केलं. त्याच दिवशी, त्याच कंपनीने शिकागोतलं जुन्या गाण्यांचं स्टेशनही गुंडाळलं. श्रोते आटले नव्हते; त्यांचं सरासरी वय पंचवीस ते चौपन्न या जाहिरातदारांच्या लाडक्या चौकटीतून वर सरकत होतं. न्यूयॉर्ककर खवळले, नव्या स्टेशनची श्रोतृसंख्या घसरली, आणि १२ जुलै २००७ रोजी जुनं स्टेशन परत आलं. मात्र परत येताना पन्नासच्या दशकातली गाणी जवळपास गळली होती आणि सत्तर-ऐंशीची पुढे आली होती. श्रोत्यांनी स्टेशन परत मिळवलं, पण यादी जाहिरातदारांनी ठरवली.

आपल्याकडे तर श्रोते मोजण्याचीच बोंब आहे. ‘रॅम’ ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चारच महानगरांत झाली, तीही डायरीवर. निवडलेल्या माणसाने कधी, किती वेळ, कोणतं स्टेशन ऐकलं ते आठवून लिहायचं. रिक्षात, न्हाव्याकडे, स्वयंपाकघरात नुसतं कानावर पडलेलं गाणं कोण लिहिणार? आणि जुनी गाणी सगळ्यात जास्त ऐकली जातात ती नेमकी अशाच ठिकाणी.

गैरसमज : जुन्या गाण्यांचं स्टेशन म्हणजे आजोबांचं स्टेशन.

१९९१ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज पन्नाशीला टेकला आहे. त्याची ‘जुनी’ गाणी नदीम-श्रवणची आणि आनंद-मिलिंदची. खासगी एफएमवरचं रेट्रो प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे: सत्तरपासून नव्वदपर्यंत, मुख्य भर किशोरकुमार, आर. डी. बर्मन आणि त्यानंतरचे. दर काही वर्षांनी ही खिडकी पुढे सरकते आणि मागचं एकेक दशक बाहेर पडतं. म्हणून ‘रेट्रो स्टेशनवर आमची गाणी लागत नाहीत’ ही ऐंशीच्या घरातल्या श्रोत्याची तक्रार अगदी रास्त आहे, आणि तिच्यावर खासगी स्टेशनकडे उपाय नाही. शमशाद बेगम आणि तलत महमूद आता विविध भारतीच्याच पदरात.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या पदराचीही एक गोष्ट आहे. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. शास्त्रीय संगीताचा हा कट्टर पुरस्कर्ता मराठी मंत्री. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. त्याच सुमारास रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून त्यांचा आवाज मुंबईत परत यायचा. जाहिरातीचे पैसेही तिकडे गेले. या माऱ्यातून जागं होऊन आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढली. तिच्यावर जाहिराती मात्र लगेच नव्हत्या. त्या सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. म्हणजे आकाशवाणीवर सिनेमाचं गाणं आणि साबणाची जाहिरात यांची सोयरीक महाराष्ट्रातच जमली. आज ज्यांना आपण बिनधंदेवाईक, निर्मळ जुनी गाणी म्हणून आठवतो, त्यातली बरीचशी आपण जाहिरातींसकटच ऐकली आहेत.

गैरसमज : जुनी गाणी फुकट पडतात.

हा समज धंद्याबाहेरच्या हुशार लोकांत विशेष आढळतो. नव्या गाण्याला कंपनी पैसे मागते, जुन्याला कोण विचारतं? विचारतात. चांगलेच विचारतात.

एका गाण्याचे कायद्याच्या दृष्टीने निदान तीन भाग असतात: ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. आता ‘आवारा’चं शीर्षकगीत घ्या. चित्रपट १९५१ चा, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०११ च्या अखेरीस संपला. पण शब्द शैलेंद्रचे, आणि ते गेले डिसेंबर १९६६ मध्ये. त्यांच्या वारसांचा हक्क २०२६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत. चाल शंकर-जयकिशन या जोडीची. संयुक्त कृतीत शेवटी निधन पावलेल्याचं वर्ष धरतात. शंकर १९८७ मध्ये गेले, म्हणजे २०४७ पर्यंत. एकाच तबकडीवरच्या तीन चिजा, तीन वेगळ्या तारखांना मोकळ्या होणार. मराठीत हेच गणित आणखी लांबतं. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत.

बरं, हे शब्द-चालीचे पैसे वेगळे द्यायचे की नाहीत, यावरच स्टेशनं आणि गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. तरी स्टेशनं म्हणत राहिली की आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे दिले, त्यात सगळं आलं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या बाजूने कौल दिला.

म्युझिक कंपन्यांना द्यायच्या पैशांचं गणित निराळं. एके काळी तासाला ६६० रुपये असा दर होता, आणि त्याने लहान शहरातली स्टेशनं रडकुंडीला आली होती. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने तो बदलून निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा केला, तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. ती मुदत २०२० मध्ये संपली आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी पुन्हा तासावर आधारित दर ठरले, शहर आणि दिवसाची वेळ पाहून. यातल्या कुठल्याच पद्धतीत गाण्याचं वय विचारात घेतलेलं नाही. १९७१ च्या गाण्याला आणि गेल्या महिन्यातल्या गाण्याला तराजू एकच. उलट नव्या गाण्याची जाहिरात व्हावी म्हणून निर्माता स्वतः स्टेशनवर खर्च करतो, नायक-नायिका स्टुडिओत येतात, स्पर्धा होतात, प्रायोजक मिळतात. १९७१ च्या गाण्यासाठी असा खर्च करणारा मामा कोण?

१९६४ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं आता मोकळी झाली आहेत, हे खरं. पण आधी पाहिलंच, त्या काळाचा श्रोता खासगी स्टेशनला नकोसा असतो. स्वस्त गाण्याला जाहिरातदार नाही आणि जाहिरातदाराच्या गाण्याला स्वस्ताई नाही.

गैरसमज : खजिना अथांग आहे, गाणी कधी संपणारच नाहीत.

खजिना अथांगच आहे. स्टेशनवर मात्र तो शेकड्यांत मोजला जातो.

हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जगभरच्या संगीत-स्टेशनांत गाण्यांची चाचणी घेण्याची एक रीत आहे. हव्या त्या वयाची माणसं एका सभागृहात बसवतात, हातात गुणपत्रिका देतात आणि एकामागून एक गाण्यांचे सात-आठ सेकंदांचे तुकडे ऐकवतात. तुकडाही ओळखीचाच निवडलेला असतो, म्हणजे मुखड्याची सुरुवात किंवा सगळ्यांना पाठ असलेला वाद्यमेळ. खूप आवडतं, ठीक आहे, कंटाळा आला, माहीत नाही. शेकडो तुकडे झाल्यावर माणसं थकतात, चहा येतो, पुन्हा सुरू. या पद्धतीत ‘माहीत नाही’ हा शिक्का बसलेलं गाणं मेलं. सात सेकंदांत ओळख पटली नाही की ते यादीबाहेर, मग ते कितीही सुंदर असो. जयदेव, सज्जाद, खय्याम यांची कित्येक गाणी हळूहळू उलगडणारी. अंतऱ्याला पोचल्यावर ती पकड घेतात. सात सेकंदांच्या परीक्षेत ती नापास होणारच. उरतात ती सगळ्यांना पाठ असलेली काही शे गाणी, जी आलटून-पालटून फिरत राहतात. आठवडाभरात श्रोत्याच्या लक्षात येतं की ट्रॅफिकमध्ये, त्याच सिग्नलला, तेच गाणं लागलं आहे.

रसिक यावर संतापतो आणि आरजेला दोष देतो. आरजेचा यात काही हात नसतो. गाणी संगणकातली यादी लावते. तो बिचारा दोन गाण्यांच्या मधे बोलतो.

मला विचाराल तर आणखी एक रेट्रो स्टेशन चालेल की नाही, हे या यादीवर ठरतं. याच काही शे गाण्यांचं तिसरं-चौथं दुकान उघडायचं असेल, तर मुंबईत जागा नाही. ते आधीच्यांचेच श्रोते वाटून घेईल आणि सगळेच थोडे थोडे गरीब होतील. यादी तीन-चार हजारांची असेल, निवडणारा माणूस असेल, एखाद्या विसरलेल्या चित्रपटातलं गाणं अचानक कानावर येण्याची शक्यता असेल, तर गोष्ट वेगळी. रेडिओ सिलोनवर सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट रोज सैगलच्या गाण्याने व्हायचा. असा नेम कुठल्याही चाचणीतून आला नसता. तो कुणाच्यातरी आवडीतून आला, आणि लोकांनी त्यावर घड्याळं लावली.

विस्तृत यादी चालते, याचाही पुरावा आहे, आणि तो शिकागोचाच आहे. २०१५ मध्ये तिथे मी-टीव्ही एफएम सुरू झालं, ८७.७ वर. ती खरं तर रेडिओची जागाच नव्हे. अमेरिकेत जुन्या अॅनालॉग टीव्हीच्या सहाव्या चॅनेलचा आवाज रेडिओच्या पट्ट्याच्या अगदी डाव्या टोकाला ऐकू यायचा, आणि एका कमी शक्तीच्या टीव्ही केंद्राच्या त्या आवाजावर हे स्टेशन उभं राहिलं. शहरात जुन्या गाण्यांची इतर स्टेशनं असतानाही त्याने आपली जागा केली, कारण बाकीच्यांनी टाकून दिलेली गाणी ते लावत होतं. पण ते शक्य झालं जागा स्वस्तात पडली म्हणून. मुंबईत नेमकं तेच अशक्य आहे.

गैरसमज : एफएमच्या पट्टीवर बक्कळ जागा मोकळी आहे, सरकारने एक फ्रिक्वेन्सी दिली की झालं.

रेडिओचं बटण डावीकडून हळूहळू फिरवा. ९१.१ वर रेडिओ सिटी, ९१.९ वर नशा, ९२.७ वर बिग, ९३.५ वर रेड, ९४.३ वर रेडिओ वन. प्रत्येक पायरी बरोबर ०.८ ची. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून आपल्याकडे दोन स्टेशनांत आठशे किलोहर्ट्झचं अंतर ठेवलं जातं. मधल्या खरखरीत एखादं स्टेशन सहज मावेल असं वाटतं, आणि तंत्राने ते मावेलही. पण नियमाने ती जागा रिकामीच ठेवायची आहे. म्हणून फ्रिक्वेन्सी थोड्या, आणि थोड्या म्हणून महाग.

किती महाग? २०१५ च्या लिलावात मुंबईची बोली १२२.८१ कोटी रुपयांवर थांबली. परवाना पंधरा वर्षांचा, पैसे आधी. वर्षाला ८.१९ कोटी. शिवाय दरवर्षीचं शुल्क: उत्पन्नाच्या चार टक्के किंवा बोलीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. बोलीचे अडीच टक्के म्हणजे ३.०७ कोटी, उत्पन्न सुमारे पावणेसत्त्याहत्तर कोटींच्या पुढे जात नाही तोवर हाच आकडा भरायचा. दोन्ही मिळून वर्षाला ११.२६ कोटी, म्हणजे दिवसाला तीन लाखांहून अधिक. यात पगार नाही, वीज नाही, मनोऱ्याचं भाडं नाही, गाण्यांची रॉयल्टी नाही, आधी भरलेल्या रकमेवरचं व्याज नाही. नुसतं हवेत असण्याचं भाडं.

सकाळी सात ते रात्री अकरा, दर तासाला बारा मिनिटं जाहिराती, आणि एकही सेकंद रिकामा नाही असं धरलं, तर दिवसाला दहा सेकंदांचे ११५२ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यामागे सुमारे दोनशे अडुसष्ट रुपये फक्त या भाड्यात जातात. सरकारी जाहिरातींसाठी एफएमचा देशभरचा पायादर २०२३ मध्ये ५२ वरून ७४ रुपये झाला. मुंबईचा दर अर्थातच त्याहून वर असतो, तरी अंदाज यावा. आणि प्रत्येक सेकंद विकला जाईल हे धरणंच मुळात चैन आहे. पहाटेचे आणि दुपारचे तास कुठल्याच स्टेशनचे भरत नाहीत.

मग २०१५ मध्ये मुंबईतल्या फ्रिक्वेन्सी घेतल्या कुणी? दोघांनी, ज्यांचं मुंबईत आधीच एक स्टेशन होतं: फीव्हरवाल्या एचटी मीडियाने आणि रेड एफएमने. आधीच्या नियमात एका शहरात एका कंपनीला एकच स्टेशन ठेवता यायचं. एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात ती अट सैल झाली आणि एकाच्या हाती शहरातली चाळीस टक्क्यांपर्यंत स्टेशनं येऊ शकली. दुसरं स्टेशन काढायचं तर ते पहिल्याचेच श्रोते ओढणारं नको. नवी गाणी पहिल्यावर आहेत, तर दुसऱ्यावर जुनी लावा. मुंबईतलं रेट्रो आलं ते अशा हिशेबातून. स्टुडिओ एक, विक्रीचा माणूस एक, जाहिरातदाराला जोडीत दोन्ही विकायची. एकटं, स्वतंत्र, फक्त जुन्या गाण्यांवर पोट भरणारं नवं स्टेशन या भावात उभं राहील, असं मला वाटत नाही. अडीच टक्क्यांची ती अट काढून शुल्क फक्त उत्पन्नाशी जोडावं, अशी शिफारस ट्राय या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. खासगी स्टेशनांना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, हीसुद्धा त्याच शिफारशींमधली. जुन्या गाण्यांच्या स्टेशनला ही दुसरी सवलत जास्त उपयोगी पडेल. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्याला गाण्यांच्या मधे बातम्याही हव्या असतात. आज खासगी स्टेशनने फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायचं.

गैरसमज : मोबाइल आल्यावर रेडिओवर जुनी गाणी कोण ऐकणार?

सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ बाजारात आणला: जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, आत पाच हजार गाणी भरलेला. पुढे मराठी आवृत्तीही आली. हातातल्या मोबाइलवर सगळी गाणी असताना लोकांनी तो पैसे मोजून घेतला आणि आईवडिलांना भेट दिला. शोधायचं नाही, निवडायचं नाही, बटण दाबलं की सुरू, ही सोय त्यांना हवी होती. गिऱ्हाईक आहे, हे त्याने सिद्ध केलं. पण ते गिऱ्हाईक एकदाच पैसे देऊन जाहिरातींतून सुटलं, हेही सिद्ध केलं. रेडिओला त्यातून आशा घ्यायची की धडकी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गैरसमज : जुन्या मराठी गाण्यांना मुंबईत बाजार नाही.

हे वाक्य मात्र ठामपणे म्हटलं जातं आणि क्वचितच तपासलं जातं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई त्यात धरलेलीच नाहीत, आणि मुंबईच्या स्टेशनांचा आवाज तिथवर पोचतो. अडचण संख्येची नाही. मोठ्या जाहिराती देशपातळीवर हिंदी गाण्यांच्या हिशेबाने आखल्या जातात आणि मराठी श्रोता हिंदी गाण्यांतूनही सापडतोच, तर त्याच्यासाठी वेगळा पैसा कशाला, असा एजन्सीचा सवाल असतो. मराठी माणूस जुनी हिंदी गाणी मनापासून ऐकतो, हा आपला रसिकपणा इथे आपल्याच अंगाशी येतो.

आणि मराठीचा साठा काही लहान नाही. तो बऱ्याच अंशी रेडिओनेच घडवला आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणाचं एक नवं गीत प्रसारित होत गेलं आणि वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीतं झाली. लिहून झालेलं गीत त्याच आठवड्यात स्वरबद्ध होऊन गायलं जायचं, कारण वेळ ठरलेली होती. मुंबई आकाशवाणीच्या ‘भावसरगम’मधून किती भावगीतं मराठीला मिळाली. ‘आपली आवड’च्या फर्माइशींत गावांची आणि घरातल्या सगळ्यांची नावं वाचली जायची आणि त्या यादीसाठीच लोक कान टवकारून बसायचे. नाट्यपदं, लावण्या, अभंग, कोळीगीतं, बालगीतं: एकाच भाषेत एवढे निरनिराळे प्रकार असलेली यादी चाचणीच्या सात सेकंदांतूनसुद्धा गाळायला अवघड जाईल. जुन्या हिंदी गाण्यांचं पाचवं स्टेशन काढणाऱ्याला आधीच्या चौघांशी झुंजावं लागेल. जुन्या मराठी गाण्यांच्या पहिल्याला झुंजायला समोर फक्त एजन्सीचा संशय आहे.

तो संशय मुंबईच्या भावात फेडणं कठीणच. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यांची एकूण राखीव किंमत ७८४.८७ कोटी, आणि वार्षिक शुल्क सरळ उत्पन्नाच्या चार टक्के. यादीत महाराष्ट्रातली लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव, बार्शी ही नावं आहेत. सरासरी काढली तर एका चॅनेलला सुमारे एक कोटी साडेसात लाख, पंधरा वर्षांत वाटले तर दिवसाला दोन हजार रुपयांच्या आत. बोली चढली तरी मुंबईच्या तीन लाखांच्या जवळपास ती जाणार नाही. तिथला जाहिरातदार म्हणजे बी-बियाण्यांचा दुकानदार, सराफ, कोचिंग क्लास, हाडांचा दवाखाना. तो तक्ता पाहून स्पॉट घेत नाही. दुकानात दिवसभर स्वतः जे लावून बसतो, त्याच स्टेशनवर तो जाहिरात देतो.